मतमाउलीच्या वाटेवर: लातूर ते हरेगाव, पाच दिवस

माय होती तोवर दरवर्षी हरेगावला जायची, मी मात्र एकदाही गेले नव्हते. आधी नर्सिंगचं शिक्षण, मग सात वर्षं मस्कतला हॉस्पिटलात, मग लातूरची नोकरी, आणि सप्टेंबरात सुट्टी मागितली की नेमकी तेव्हाच कुणाची तरी आधीच मंजूर झालेली असायची. मायला जाऊन वर्ष झालं तेव्हा ठरवलं की यंदा काही झालं तरी जायचं आणि तिच्यासारखंच जायचं, म्हणजे गावापर्यंत एसटीनं आणि गावापासून पुढं पायी. हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, आम्ही अजून नगरच म्हणतो. तिथं संत तेरेजाचं चर्च आहे आणि सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरियेची, मोठी यात्रा भरते, कारण ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. जिल्हा नगर असला तरी गोदावरीच्या अलीकडून, गंगापूर-वैजापूर-पैठणकडून माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडं जातात.

सोबत काय घेतलं तर दोन ड्रेस, टॉर्च, पायाला लावायला व्हॅसलीन आणि मायची जपमाळ. लाकडी मण्यांची, एका ठिकाणी तुटली होती तिथं तिनं काळ्या दोऱ्यानं गाठ मारलेली.

दिवस पहिला, जालना

लातूरहून सकाळची गाडी पकडली, अंबाजोगाईच्या पुढं गेल्यावर पाऊस लागला तो जालन्यापर्यंत. गाडीत शेजारी एक आजी होत्या, अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेऊन निघालेल्या, त्यांनी विचारलं कुठं, मी म्हटलं हरेगावला मतमाउलीला. त्यांनी दुसरं काही न विचारता ओटीतल्या खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. आमच्या मराठवाड्यात असंच आहे, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, सगळ्या आयाच, आईकडं जायला निघालेल्या बाईला इथं कुणी जास्त काही विचारत नाही.

जालन्याला मामाकडं मुक्काम. मामा प्रोटेस्टंट, मामीच्या माहेरचे लोक तर पार बेथेलचे. बेथेल म्हणजे जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात निजामाच्या राज्यात वसवलेलं ख्रिस्ती गाव. मामाचा आणि मायचा मरियेवरून आयुष्यभर वाद चालला पण कधी तुटलं नाही. जेवताना मामांनी मलाही तेच विचारलं जे मायला विचारायचे, "कामून एवढं चालायचं बाई? देव काय हरेगावातच हाय का?"

मायसारखं उत्तर मला देता येत नाही, पण जे कळलं ते सांगितलं. आराधना एकट्या देवाची, ती मरियेची नाही, कॅथोलिक चर्चही तेच शिकवतं. मरियेचा मान वेगळा, ती ख्रिस्ताची आई म्हणून. सन ४३१ ला इफिससच्या धर्मसभेत तिला देवमाता म्हणायचं ठरलं ते सुद्धा तिला देवी करायला नाही, तर तिच्या पोटी आलेला खराच देव होता हे ठासून सांगायला. आणि आम्ही तिच्याकडं मागतो म्हणजे काय करतो, तर काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा ती जे करते तेच. ती लेकाला सांगते की ह्यांच्याकडं संपलंय, आणि वाढप्यांना सांगते की तो जे सांगेल ते करा. बायबलमधलं तिचं शेवटचं बोलणं हेच, त्यानंतर ती दिसते पण बोलत नाही.

मामा गप बसले. मग म्हणाले की तिचं गाणं मात्र मला पाठ हाय, आणि लूकच्या पहिल्या अध्यायातलं मरियेचं गीत त्यांनी तिथंच भाकरीचा घास हातात धरून म्हणून दाखवलं, गादीवर बसलेल्यांना त्यानं खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातानं लावून दिलं. आमच्या पणज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्या घरातला माणूस हे गीत म्हणतो तेव्हा ते पुस्तकातलं वाटत नाही. मामी पण हात थांबवून ऐकत होत्या.

दिवस दुसरा, संभाजीनगर

फार काही झालं नाही. रेल्वेनं तासाभरात संभाजीनगर, छावणीतल्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, केली, मेणबत्त्या घेतल्या. दुपारी जुन्या मैत्रिणीकडं गेले, आम्ही नर्सिंगला एका रूममध्ये होतो, ती मुसलमान. तिच्या अम्मींना कळलं मी कुठं चाललेय तर त्या म्हणाल्या, "हमारी बीबी मरियम के पास जा रही है." कुराणातला १९वा सूरा मरियमच्याच नावाचा आहे आणि अख्ख्या कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली बाई ती एकटीच, हे मला त्यांनीच पूर्वी सांगितलेलं. त्यात बाळंतवेणा सुरू झाल्यावर मरियम एकटी खजुराच्या झाडाखाली जाते, तिथं तिला खजूर आणि पाणी मिळतं असं आहे. निघताना अम्मींनी पिशवीत खजूर घातले, चालताना खायला. पुढचे दोन दिवस आम्ही सगळ्यांनी तेच खाल्ले.

संध्याकाळच्या एसटीनं गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला. फाट्यावर उतरल्यावर दीड किलोमीटर चिखल.

दिवस तिसरा, गाव

ह्या दिवसाबद्दलच मला खरं लिहायचंय.

आमच्या भागात कॅथोलिक मिशन आणलं फ्रान्समधल्या फादर लोकांनी, संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी संघाचे, घोगरगावच्या गुरियन बाबांचं नाव तर आजही म्हातारी माणसं हात जोडून घेतात. त्या लोकांनी येताना आपली मरिया आणली ती त्यांच्याकडच्या लुर्द गावची. म्हणून आमच्या चर्चच्या बाजूला दगड-सिमेंटची गुहा आहे, गुहेत पांढऱ्या झग्यातली, कमरेला निळा पट्टा बांधलेली मूर्ती, चेहरा गोरापान. लहानपणी मला ती फार लांबची वाटायची, मडमेसारखी.

पण यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी गावच्या बाया तिला लुगडं नेसवतात. हे काम आत्याकडं, तिच्याआधी तिच्या सासूकडं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा जवळ उभी राहून बघितलं. आत्यानं आधी ओल्या फडक्यानं मूर्तीचा चेहरा पुसला, कानामागं कोळ्यानं जाळं केलेलं ते काडीनं काढलं, पायाशी साचलेलं मेण नखानं खरवडून डब्यात भरलं कारण ते परत वितळवून वापरतात. मग हिरवी इरकली, छोटीच, अडीच-तीन वार असेल. मूर्तीचे हात जोडलेले, त्यामुळं पदर खांद्यावरून घ्यायला जागाच नाही. आत्यानं तो डोक्यावरून घेतला, मागून फिरवला, जोडलेल्या हातांच्या खालून ओढला आणि दोन्ही बाजूंनी टाचण्या लावल्या, त्या सुद्धा अशा की टोक आतल्या बाजूला येऊ नये. मी म्हटलं आत्या ती तर दगडाची आहे, तिला काय टोचणार. आत्या म्हणाली, "आपल्याला ठाव हाय ना टोचतंय ते." शेवटी निऱ्या, त्या बसेनात म्हणून तोंडात पिन धरून तिसऱ्यांदा घातल्या. कपाळावर पदराची कड बरोबर भुवईच्या वर दोन बोटं आली, आमच्या बाया घेतात तशी, आणि तोच चेहरा एकदम गावातला दिसायला लागला, रंग तोच, नाक तेच, पण ओळखीचा.

कुणी विचारतं की तुमची मरिया परदेशी ना, तेव्हा मला खूप लागतं, अगदी आतून. कारण परदेशी कुणाची नाही ती? ती पॅलेस्टाइनमधल्या नाझरेथची गरीब यहुदी पोरगी, फ्रान्सलाही परदेशीच. लुर्दला १८५८ साली बर्नादेत सुबिरू नावाच्या १४ वर्षांच्या मुलीला ती गुहेत दिसली, १८ वेळा. ती मुलगी इतकी गरीब की त्यांचं अख्खं कुटुंब पूर्वीच्या तुरुंगाच्या एका खोलीत राहायचं, लिहिता-वाचता येत नव्हतं, नीट फ्रेंचही येत नव्हती. आणि मरिया तिच्याशी बोलली ती शाळेतल्या फ्रेंचमध्ये नाही, तिच्या गावच्या बोलीत बोलली. मोठ्या लोकांनी चौकशीला बोलावलं तेव्हा तिनं ते शब्द त्याच बोलीत सांगितले. म्हणजे ह्या आमच्या गुहेतल्या मूर्तीची मूळ गोष्टच मुळी गावंढळ बोलीची आहे.

रात्री आत्याच्या घरी जपमाळ, पंधरा-वीस बाया. भिंतीवर ती तसबीर, निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची, सोनेरी पार्श्वभूमी, हातावर बाळ येशू. मी लहानपणापासून बघत आलेले पण ह्यावेळी आत्यानं बोट ठेवून दाखवलं की बाळाच्या एका पायातली चप्पल सुटलीय, नुसती बंदाला लोंबकळतेय. वरच्या कोपऱ्यात देवदूत क्रूस आणि भाला घेऊन आलेत, ते बघून लेकरू भ्यालं आणि आईकडं एवढ्या घाईनं धावत आलं की चप्पल निघाली, आता दोन्ही हातांनी आईचा हात धरून बसलंय. आत्या म्हणाली की देव असून भ्यालं बघ, लेकरूच हाय ते.

मग मी त्यांना मस्कतचं सांगितलं. तिथं रुवीमध्ये संत पीटर आणि पॉलचं चर्च आहे, शुक्रवारी सुट्टी म्हणून त्या दिवशी तुडुंब भरायचं. माझ्या वॉर्डात एक फिलिपिनो सिस्टर होती, ती लॉकरच्या दाराला आतून हीच तसबीर लावून बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नेमानं करायची खास प्रार्थना, करायची. तिच्या मनिलात बाक्लारान म्हणून चर्च आहे, तिथं बुधवारी एवढी गर्दी होते की रस्ते जाम. मी म्हटलं अगं आमच्या मुंबईला माहीमला पण बुधवारच, आणि तसबीरही हीच. नंतर कळलं की दोन्हीकडं हा नोव्हेना सुरू झाला एकाच वर्षी, १९४८ ला, तिकडं जूनमध्ये आणि माहीमला ८ सप्टेंबरला. तसबीर मूळची ग्रीक पद्धतीची, क्रीट बेटावरची म्हणतात, असते रोमला. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी जपमाळ करायचो तेव्हा ती म्हणायची "आबा गिनूंग मारिया", केरळच्या दोघी "नन्म निरञ्ञ मरियमे", आणि मी एकटी "नमो मारिया". पहिल्या आठवड्यात मी लाजून इंग्लिशमध्ये म्हणत होते, तर फिलिपिनो सिस्टर म्हणाली तुझ्या आईच्या भाषेत म्हण, तिला सगळ्या येतात. त्या रात्री मी मायला फोन करून हे सांगितलं होतं, माय फक्त हसली होती.

बायांना मोबाईलवर फोटो दाखवले. मेक्सिकोची ग्वादालुपे आधी दाखवली, १५३१ च्या डिसेंबरातली गोष्ट. स्पॅनिश लोकांनी मुलूख जिंकून दहाच वर्षं झालेली, आणि ती दिसली कुणाला तर ह्वान दिएगो नावाच्या तिथल्याच आदिवासी माणसाला, तेपेयाक टेकडीवर, बोलली त्याच्या नाहुआत्ल भाषेत. मला ह्यातलं सगळ्यात काय आवडतं तर त्याचा चुलता मरणाला टेकलेला, म्हणून हा धर्मगुरूला आणायला पळत निघतो आणि उशीर नको म्हणून मुद्दाम टेकडीच्या दुसऱ्या बाजूनं जातो, की ती भेटायला नको. तर ती त्या बाजूला उतरून उभी! आणि रागवत नाही, म्हणते की मी तुझी आई इथं आहे ना, मग कशाला घाबरतोस. चुलता बरा होतो. मग बिशपला खरं वाटावं म्हणून खूण, ऐन थंडीतली गुलाबाची फुलं, आणि ती ज्या जाड्याभरड्या चादरीत बांधून नेली त्या चादरीवर तिचं चित्र. सावळी, तिकडच्या बायांसारखी. आत्याच्या शेजारीण काकूंनी मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर आपल्यातली दिसती."

ब्राझीलची आपारेसिदा दाखवली, १७१७ ला तीन कोळ्यांच्या जाळ्यात नदीतून आधी धड आलं, मग शीर, मातीची काळपट मूर्ती, आज ती अख्ख्या देशाची पालक माता आहे. व्हिएतनामची ला वांगची दाखवली, त्यांच्या लांब आओ झाई पोशाखातली. वेलांकन्नीची तर सगळ्यांना माहीत, ती साडीतच असते.

जपानचं सांगितलं तेव्हा मात्र सगळ्या शांत झाल्या. तिथं १६१४ ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, फादर लोकांना मारलं किंवा हाकललं, आणि पुढं अडीचशे वर्षं खेड्यातल्या लोकांनी फादर नसताना गुपचूप श्रद्धा टिकवली. मरियेची मूर्ती ठेवणं म्हणजे मरण, म्हणून त्यांनी कान्नोन नावाच्या बौद्ध करुणादेवीची पांढरी मूर्ती ठेवली, मांडीवर लेकरू असलेली, आणि तिच्यापुढं मरियेची प्रार्थना केली. १८६५ ला नागासाकीत परदेशी लोकांसाठी नवीन चर्च झालं, तिथं उराकामी गावचे काही लोक आले आणि त्यातल्या एका बाईनं फ्रेंच फादरच्या जवळ जाऊन हळूच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठाय? इतक्या वर्षांनी पहिला प्रश्न हा. बंदी उठली ती त्यानंतर आठ वर्षांनी.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आत्यानं जपमाळ उचलली आणि पुढचा दशक, म्हणजे पुढचे दहा मणी, सुरू केला.

दिवस चौथा, नेवासा

पहाटे चारला निघालो, चौदा जण, सोबत एक तरुण फादर आणि सामानाला एक छोटा हत्ती. दोन्हीकडं कपाशी, सोयाबीन, मधूनच तूर, रस्त्याच्या कडेला गुडघाभर गवत. माझ्या डाव्या पायाला आठच्या आतच फोड आला, आत्या सत्तरीची असून पुढं. कायगावला पुलावर आलो तेव्हा गोदावरी दुथडी होती, पाणी मातकट. इथं मराठवाडा संपतो. माय ह्या पुलावर दरवर्षी थांबून पलीकडं बघत एक नमो मारिया म्हणायची असं आत्यानं सांगितलं, मग आम्ही पण थांबलो.

चालताना फादर पोलंडचं सांगत होते. तिकडं चेंस्टोखोव्हाला मरियेचं जुनं चित्र आहे, काळा चेहरा, गालावर तलवारीचे वार. वॉर्सॉहून तिथवर १७११ पासून ऑगस्टमध्ये पायी वारी जाते, आठ-नऊ दिवस, गाणी म्हणत, वाटेतल्या गावात मुक्काम करत. ऐकताना डोळ्यासमोर पंढरीचीच वाट येत होती, फक्त अभंग पोलिश.

दुपारी नेवासा. इथंच पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ ला ज्ञानेश्वरी सांगितली, म्हणजे १२९०. आम्ही मंदिराच्या बाहेर झाडाखाली टेकलो, भाकरी आणि ठेचा सोडला. एक माळकरी आजोबा पाण्याचा जग घेऊन आले.

"कुठली दिंडी, माउली?"

आत्या म्हणाली, "मतमाउलीची."

"मंग पाय धुवा, च्या सांगतो."

मी तो माउली शब्द दिवसभर घोळवत राहिले. ज्ञानेश्वर पुरुष असून माउली, विठ्ठल माउली, वाटेतला अनोळखी माणूस पण माउली, आणि मरिया पण. बांद्र्याच्या मरियेला सुद्धा कोळी लोक मोतमाउली म्हणतात, त्यातलं मोत म्हणजे मोती असं काही जण सांगतात तर काही म्हणतात की पोर्तुगीज भाषेतल्या डोंगराचा, मोंतेचा अपभ्रंश, पण माउलीबद्दल कुणाला शंका नाही. फादर म्हणाले थॉमस स्टीफन्सनं, जन्मानं इंग्रज असून, गोव्यात राहून १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते मराठीत, आणि ओवीतच. ज्या ओवीत इथं ज्ञानेश्वरी झाली त्याच ओवीत मरियेची गोष्ट सांगावी असं त्याला वाटलं, मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात.

रात्री एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, पाऊस तिरपा आत येत होता.

दिवस पाचवा, हरेगाव

शेवटचा टप्पा उसातून. ह्या भागात साखर कारखान्यांमुळं पिढ्यान्‌पिढ्या मजूर आले, त्यात आमच्याकडचे पण. दुपारनंतर रस्त्यावर माणूसच माणूस, ट्रॅक्टर, टेम्पो, कुणी अनवाणी, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन. पाळणे, रेवड्या, बांगड्या, मेणबत्त्यांचे ढीग. तुळजापूरची जत्रा बघितलेल्या माणसाला इथं काहीच नवखं वाटणार नाही, फक्त लाऊडस्पीकरवर जपमाळ चालू असते.

संध्याकाळी रांगेला लागलो, तीन तास. मायची जपमाळ हातात होती, गाठीचा मणी आला की बोट आपोआप थांबायचं. माझ्या मागं नांदेडकडच्या एक बाई होत्या, बंजारा, कडेवर लेकरू. त्या हळू आवाजात त्यांच्या गोरमाटी बोलीत प्रार्थना करत होत्या, मला त्यातला एकच शब्द कळत होता, याडी. याडी म्हणजे आई. पुन्हा पुन्हा तोच.

मूर्तीपासून दहा-बारा माणसं राहिली असताना लेकराच्या पायातली चप्पल गर्दीत निसटली. बाईंनी पेटलेली मेणबत्ती माझ्या हातात दिली, म्हणाल्या धरा ताई, आणि खाली वाकून चप्पल शोधायला लागल्या. मी एका हातात त्यांची, एका हातात माझी मेणबत्ती घेऊन उभी, मेण बोटांवर येत होतं, मागचे लोक चला चला करत होते. आत्या वळून म्हणाली, "थांबा जरा, लेकराची चप्पल घालू द्या."